साती आसरांची विहीर

एसटी थांबली, ड्रायव्हर उतरून समोरच्या टपरीवर चहाला गेला आणि त्याच्यामागोमाग कंडक्टरही गेला. माझ्या घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. गाडी कधी सुटणार, असं मी खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं. कंडक्टरनं बशीतला चहा संपवला आणि मग म्हणाला, "दम धरा की पावनं. मुहूर्त टळतोय व्हय?"

गाडीतले दोघंतिघं हसले. मी मान आत घेतली आणि खिशातलं पोस्टकार्ड पुन्हा काढलं. आदल्या दुपारपासून ते मी इतक्यांदा वाचलं होतं, की आता न बघताही म्हणून दाखवू शकलो असतो. अक्षर गोल, टपोरं, शाईच्या पेनानं काढलेलं होतं.

'ती. भास्करकाका यांस, सुगंधाचा शि. सा. नमस्कार. तुमचा साती आसरांवरचा लेख आम्ही पाच जणांनी मिळून दोनदा वाचला. आमच्या शिंगणवाडीला पण आसरांची विहीर आहे. आसरांनी तिथं तीन माणसं ओढली असं सगळे सांगतात. गाळ काढायला एक उतरला तो वर आला नाही. त्याला बघायला दुसरा गेला. दोघांना बघायला तिसरा गेला. कुणाच्या अंगावर जखम नव्हती. तेव्हापासून तिकडे कुणी फिरकत नाही. आसरा नसतात हे आम्हाला तुमच्यामुळे कळलं. म्हणून असं ठरवलं आहे की मी विहिरीत उतरून तळाची माती आणायची आणि शाळा उघडली की वर्गात ठेवायची. सतरा तारखेला रविवारी सगळा गाव लग्नाला जाणार आहे. तेव्हा सकाळी दहा वाजता उतरीन आणि मग तुम्हाला कळवीन. तुमची वाचक, सुगंधा वाघमोडे, इयत्ता सातवी.'

ही एक्क्याऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हा पुण्यातल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतो आणि मुलांच्या एका मासिकात 'भास्करकाका' या नावानं दर महिन्याला लिहीत होतो. इंद्रधनुष्य म्हणजे देवाचं धनुष्य नव्हे, ग्रहणात राहू-केतू कुणाला गिळत नाहीत, वीज पायाळू माणसाला शोधत येत नाही, अशी आपली एकेक भुतं मी उतरवायचो. मुलांना आवडायचं. खरं सांगायचं तर मलाच जास्त आवडायचं. मे महिन्याच्या अंकात मी साती आसरा घेतल्या होत्या. विहिरीत आणि डोहात राहणाऱ्या, माणसाला पाण्यात ओढून नेणाऱ्या त्या सात बहिणी. त्यांची मी यथेच्छ टिंगल केली होती. शेवटी एक चुरचुरीत वाक्य टाकलं होतं आणि त्या वाक्याला संपादकबाईंनी फोन करून दाद दिली होती. मी दोन दिवस हवेत होतो.

शनिवारी दुपारी मासिकाच्या कचेरीत मुलांची पत्रं चाळायला बसलो, तेव्हा हे कार्ड हाताला लागलं. 'एक उतरला तो वर आला नाही, त्याला बघायला दुसरा गेला,' इथपर्यंत आलो आणि कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बंद पडलेल्या विहिरीच्या तळाशी पालापाचोळा कुजतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे तिथंच साठून राहतो. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. अशा ठिकाणी उतरलेला माणूस चार-दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला गेलेलाही कोसळतो. जखम कुठून असणार? सुगंधानं भोळेपणानं जे लिहिलं होतं, ते वाचून कुठल्याही रसायनशास्त्राच्या मास्तरच्या तोंडचं पाणी पळालं असतं. आणि माझ्या लेखात या वायूबद्दल एक अक्षर नव्हतं. आसरा नाहीत, घाबरू नका, एवढंच होतं.

मी तालुक्याच्या पोलीस ठाण्याला ट्रंक कॉल नोंदवला. संध्याकाळपर्यंत लाईन मिळाली नाही. तार करायला गेलो, तर तिथला माणूस म्हणाला की खेड्यातली तार आता सोमवारीच पोचेल. मग पहाटेची पहिली गाडी धरली, फलटणला ती बदलली, आणि आता पुढच्या गाडीचा ड्रायव्हर दुसरा चहा मागवत होता.

गाडी सुटली तेव्हा सव्वानऊ झाले होते. शिंगणवाडीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा दहाला पाच कमी. गाव किती लांब, असं विचारल्यावर कंडक्टरनं टेकडीकडं हात केला आणि "ह्ये काय, हितंच," म्हणाला. त्याचं 'हितंच' अडीच मैल निघालं. मी निम्मा रस्ता पळालो आणि निम्मा पळाल्यासारखं चाललो. वय चाळिशीचं, शरीर मास्तरकीचं, आणि डोक्यावर मे महिन्याचं ऊन. मनात एकच हिशेब चालला होता. मुलं दहा म्हणजे बरोबर दहाला कुठे जमतात? कुणाला उशीर होतो, कुणाला आई हाक मारते, कुणी ऐन वेळी घाबरतं. घाबरा रे, असं मी चालता चालता मोठ्यानं म्हणालो. ज्या माणसानं वर्षानुवर्षं मुलांना घाबरू नका म्हणून सांगितलं, तो आता रस्त्यानं हे बडबडत चालला होता.

गावात चिटपाखरू नव्हतं. सगळी दारं बंद. देवळाच्या कट्ट्यावर एक म्हातारा बसला होता, त्याला आसरांची विहीर विचारली. त्यानं मला खालीवर न्याहाळलं आणि तिकडं काय काम काढलं, म्हणून विचारलं. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, पुढचा प्रश्न न विचारता त्यानं काठीनं वाट दाखवली.

विहीर गावाच्या खालच्या अंगाला होती. काठावर चार मुलं पोटावर पालथी पडून आत बघत होती. पाचवं कुणी नव्हतं. जवळ जाऊन विचारलं, "सुगंधा कुठे आहे?" तर एका मुलानं मान न वळवता खाली बोट केलं.

मी वाकून बघितलं. विहीर रुंद आणि खोल, दगडानं बांधलेली. भिंतीतून बाहेर काढलेले उतरायचे दगड एकाखाली एक गोल वळत गेले होते. तळाशी पाणी नव्हतं, काळा पाला होता. मध्यावरच्या एका दगडावर एक किडकिडीत मुलगी परकराचा काचा मारून, एका हातानं भिंत धरून उभी होती. उभी होती हे बघून मी पहिला श्वास घेतला.

"सुगंधा, मी भास्करकाका. पुण्याहून आलोय."

तिनं वर बघितलं. आधी तिला खरं वाटलं नसावं. मग तिचा चेहरा असा काही फुलला की तो मला आजही बघवत नाही. "काका, तुमी माझं बगाया आलासा?"

"आधी वर ये. सावकाश, पण लगेच वर ये."

"का?"

माझ्या प्रत्येक लेखाच्या शेवटी मी मुलांना सांगायचो, की का म्हणून विचारायला लाजू नका. ती लाजली नाही.

"खाली हवा वाईट आहे. तिथं श्वास घेता येणार नाही."

"मला तर घेता येतोय. वाईच डोकं दुकतंय, त्ये उनानं."

डोकं दुखतंय म्हटल्यावर माझा धीर सुटला. मी चपला काढल्या आणि पहिल्या दगडावर पाय ठेवला. तेवढ्यात मागून कुणी तरी माझ्या सदऱ्याला धरून मला मागं ओढलं. पन्नाशीची एक बाई होती. पळत आल्यामुळे तिला धड बोलता येत नव्हतं. एका हातात दोरी बांधलेली दुरडी, दुरडीत कणकेचा मोठा दिवा आणि त्यात सात वाती.

"दुसऱ्यानं उतरायचं न्हाई," ती म्हणाली. "एक आत आसताना दुसऱ्यानं उतरायचं न्हाई."

ही सुगंधाची आत्या, हौसाबाई. पोरीचा बेत तिला सुगंधाच्या धाकट्या भावाकडून नुकता कळला होता. तिनं मला कोण, कुठला, काही विचारलं नाही. खाली गुडघे टेकले आणि वाती पेटवायला लागली. पहिल्या दोन काड्या विझल्या.

खालून सुगंधानं ते बघितलं आणि तिचा आवाज चढला. "आत्ती, दिवा नगं. काकांनीच लिवलंय दिवा सोडू नगा म्हून." आणि विहिरीच्या मध्यावर उभं राहून, शाळेत कविता म्हणावी तशी, तिनं माझं वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. "'विहिरीत दिवा सोडून आसरांची वाट पाहण्यापेक्षा तोच दिवा घरी लावून चार पानं वाचा, म्हणजे आसराच तुमची वाट सोडतील.'"

विहिरीत आवाज घुमतो. माझा एकेक शब्द भिंतींना लागून वर आला. हेच ते चुरचुरीत वाक्य, ज्याच्यासाठी संपादकबाईंनी फोन केला होता.

हौसाबाईनं हात थांबवून माझ्याकडं बघितलं. "तुमीच व्हय त्ये लिवनारं?"

मी हो म्हणालो.

"पयलं उतरल्यालं त्ये माजं मालक," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, माहिती दिल्यासारखी बोलत होती. "दर साली गाळ काडायचा. आदी आसरास्नी दिवा सोडायचा. तळापतूर दिवा जळाला तरच पाय टाकायचा. इजला तर म्हागारी फिरायचं. त्या साली घाई व्हती, दिवा सोडला न्हाई."

मी त्या दिव्याकडं बघत राहिलो. दर जून महिन्यात मी आठवीच्या वर्गात काचेच्या बरणीत कार्बन डायऑक्साइड भरतो आणि तारेला मेणबत्ती बांधून आत सोडतो. मेणबत्ती विझते. मुलं वहीत लिहून घेतात: हा वायू ज्वलनास मदत करीत नाही. सोळा वर्षं मी हा प्रयोग करत होतो. आणि ज्या माणसांनी तो माझ्या आज्यापणज्याच्या आधीपासून विहिरीवर केला, त्यांना वेड्यात काढून मी पोरांना हसवलं होतं.

"मी दावतेच आत्तीला," खालून सुगंधा म्हणाली आणि तिनं आणखी एक दगड खाली उतरायला पाय काढला.

"सुगंधा, थांब." मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की ती पाय अधांतरी ठेवून थांबली. "एकच गोष्ट कर. तिथंच उभी राहा आणि दिवा बघ. तुझ्या शेजारून खाली जाईल. नुसता बघ. मग तुला वाटेल ते कर."

तिनं पाय मागं घेतला. मुलगी हट्टी होती, पण बघायचं म्हटल्यावर तिला नाही म्हणता आलं नाही. हौसाबाईनं दुरडी सोडली. मी म्हणालो, मी धरतो. तिनं दोरी माझ्या हातात दिली नाही.

दिवा सावकाश खाली गेला. सातही वाती शांत जळत होत्या. आत वाऱ्याची झुळूक नव्हती. दिवा तिच्या डोक्याशी आला, खांद्याशी आला. तिच्या गालावर उजेड पडला. तो तिच्या कमरेशी आला, पावलांशी आला, आणि अजून जळतच होता. माझ्या बाजूचा मुलगा पुटपुटला, "बगा, काय बी न्हाई." क्षणभर मलाही वाटलं की आपण उगीच घाबरलो, वायू नसेलच, आणि आता ही मुलगी तळाशी जाणार.

तिच्या पावलांच्या हातभर खाली सातही वाती एकदम विझल्या.

वातींचा धूर वर यायला हवा होता. तो आला नाही. तिच्या पायाखाली तो आडवा पसरला आणि दुधावर साय धरावी तसा तिथंच तरंगत राहिला. त्या धुरामुळे ती न दिसणारी हवा कुठपर्यंत आली आहे, हे आम्हा सगळ्यांना दिसलं. आणखी एक दगड उतरून ती बसली असती, नाही तर घेरी येऊन नुसती वाकली असती, तरी तिचं तोंड त्या धुराखाली गेलं असतं.

सुगंधानं बराच वेळ खाली बघितलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "वारं तर न्हाई." मग वर बघून म्हणाली, "आत्ती, पुन्यांदा सोड."

"वर येऊन सोड," मी म्हणालो. "वरूनही दिसेल. वाटेल तितक्यांदा सोड, मी इथंच बसतो. पण वर ये, बाळ."

ती यायला निघाली. मी दगड मोजत होतो. सतरा होते. बाराव्या दगडावर ती थांबली आणि भिंतीला डोकं टेकून उभी राहिली, तेव्हा हौसाबाईनं डोळे मिटून घेतले. मला तेही जमलं नाही. मग ती पुन्हा चालायला लागली. हाताशी आल्यावर मी तिचं मनगट धरून तिला वर ओढलं आणि ती जमिनीवर बसल्यावरही सोडलं नाही. शेवटी तिनंच हळूच हात सोडवून घेतला. तिला मळमळत होतं. आत्यानं तिला पाणी पाजलं, पाठीत एक धपाटा घातला आणि मग पदरात तोंड घालून रडायला लागली.

मला वाटलं, आता पोरगी घरी जाईल. ती दिवा पेटवायला बसली.

या खेपेला दोरी तिनं स्वतः धरली. दिवा विझला तिथं दोरीला गाठ मारली. पुन्हा पेटवून सोडला. गाठ काठाशी आली आणि दिवा विझला. तिसऱ्यांदा दुसऱ्या बाजूनं जाऊन सोडला. त्याच गाठीला विझला.

"आसरा उतरू नगं म्हनत्यात," हौसाबाई म्हणाली.

"आत्ती, आसरा आसत्या तर कदी हितं इजवला आसता, कदी तितं. येका गाठीवर कशाला इजवतील?"

सातवीतल्या मुलीनं हे कुणी न शिकवता म्हटलं. मग मी तिथं मातीत बसून पाचही जणांना सांगितलं. पाला कसा कुजतो, त्यातून काय निघतं, ते खालीच का साठतं, आणि ज्या हवेत दिवा जळत नाही तिथं माणूसही का जगत नाही. इतकं साधं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. दिवा विझला म्हणजे उतरायचं नाही हे नक्की. पण दिवा जळाला म्हणजे सगळं ठीकच आहे असंही नाही, काही विषारी वायू असे असतात की दिवा त्यांत जळत राहतो, हेही सांगितलं. हौसाबाई बाजूला बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "नाव काय बी द्या दादा. दिवा इजल्यावर उतरायचं न्हाई, येवडं पोरास्नी कळलं म्हंजी झालं."

मुलं पांगली. सुगंधा मात्र दोरी गुंडाळत तिथंच बसून राहिली. तिच्या मनात काही तरी चाललं होतं आणि ते काय असणार, हे मला कळत होतं. आदल्या दुपारपासून मी त्याच प्रश्नाला भीत होतो.

"काका, ह्ये वायूचं तुमाला आज कळलं का आदीपासनं म्हाईत व्हतं?"

नाही म्हणता आलं असतं. तिनं विश्वास ठेवला असता.

"आधीपासून माहीत होतं," मी म्हणालो. "लेखात लिहिलंही होतं. शेवटच्या आठ-दहा ओळींत तेच होतं. पण वाचून बघितल्यावर वाटलं, की त्यानं लेखाचा शेवट पडतो. आधीचं वाक्य झकास जमलं होतं ना, तिथंच थांबावं असं वाटलं. म्हणून पुढचं खोडलं."

ती माझ्यावर चिडेल, रडेल, निदान तोंड फिरवेल, असं मला वाटलं होतं. तिनं तसं काहीच केलं नाही. दोरीचं वेटोळं दुरडीत ठेवलं आणि विचार करत विचारलं, "तुमचं मासिक किती पोरं वाचत्यात?"

"अकरा हजार अंक निघतात," मी म्हणालो. अजूनही माझ्या आवाजात थोडी फुशारकी होती, हे मला बोलल्यावर ऐकू आलं.

"मंग त्यांच्या गावात बी हिरी आसतील की," सुगंधा म्हणाली.

जूनचा अंक अजून छापायला गेला नव्हता. मी चपला शोधायला लागलो. पुण्याची पुढची गाडी किती वाजता आहे, असं मी तिला विचारलं.